वीज जन्म पाहत नाही

मृगाच्या आधी खेड्यात आभाळ कडाडू लागले की घरातली म्हातारी माणसे एक गोष्ट हमखास करतात. घरात कोणी पायाळू असेल तर त्याला आधी आत ओढतात. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, ही समजूत महाराष्ट्राच्या गावागावांत आजही आहे. पोर शाळेत विजेचा धडा पाठ करते आणि घरी आल्यावर पायाळू म्हणून उंबऱ्याच्या आत बसते. आईच्या पोटातून डोके आधी आले की पाय, याची नोंद आभाळातल्या ढगाने ठेवली आहे, असे मानायला आमचा समाज तयार आहे. उघड्या शेतातले एकटे झाड वीज ओढते, हे मात्र त्याला पटत नाही. माणसाचे भोग त्याच्या जन्मावरून ठरवण्याची सवय आमच्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की तिने आभाळातली वीजसुद्धा सोडली नाही.

ही वीज जन्माच्या आणि पापाच्या हिशेबातून ज्याने सोडवली, त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. इमारतीच्या छपरावर जी लोखंडी सळई उभी असते, जिला आपल्याकडे पुस्तकात तडितरक्षक आणि बोलताना लायटनिंग अरेस्टर म्हणतात, ती त्याने जगाला दिली. पुढे इंग्रजी भाषेने या सळईच्या नावाला दुसरा अर्थ जोडला. चारी बाजूंचा राग, शिव्या आणि टीका जो स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, त्या माणसालाही इंग्रज आणि अमेरिकन लोक हेच नाव देतात. फ्रँकलिनच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ भेटतात. त्याने पहिली सळई उभी केली आणि नंतर तो स्वतःच दुसरी सळई झाला. म्हणून आज आम्ही त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो आहोत. त्याची आरती ओवाळण्याचा आमचा विचार नाही. त्याच्या हातून झालेला अन्यायही आम्ही येथेच सांगणार आहोत.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला. बाप चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या बनवून विकणारा. दोन बायकांपासून झालेली सतरा मुले, त्यांत हा पंधरावा. शाळा मिळाली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी बापाच्या धंद्यात हात काळे करायला लागला आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला. त्या काळी उमेदवार म्हणजे करारपत्राने बांधलेला बिनपगारी राबता माणूस. चुकले की मार. १७२२ मध्ये या पोराने एका विधवेच्या नावाने चौदा पत्रे लिहून भावाच्या वर्तमानपत्रात गुपचूप सरकवली. गावातले शहाणे लोक ती मिटक्या मारीत वाचत होते आणि लिहिणारा सोळा वर्षांचा उमेदवार आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते. १७२३ मध्ये तो करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात फारसे पैसे नव्हते, पण हातात कसब होते.

पुढली पंचवीस वर्षे हा माणूस छापखान्याच्या जोरावर उभा राहिला. १७२७ मध्ये त्याने कारागीर आणि छोट्या धंदेवाल्यांचे एक अभ्यासमंडळ काढले. एकट्याला पुस्तक परवडत नाही, तर दहा जणांनी वर्गणी काढून घ्यावे, या साध्या विचारातून १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभे राहिले. १७२९ पासून स्वतःचे वर्तमानपत्र, १७३२ पासून लोकांच्या घराघरात जाणारे पंचांग, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक. ज्याला विद्यापीठाचे दार दिसले नाही त्याने आपल्याभोवती स्वतःचे विद्यापीठ उभारले. ज्या वाचकांच्या घरात पहिले पुस्तक चळवळीच्या ग्रंथविक्रीच्या टेबलावरून आले, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच ग्रंथालयाकडे लंडनच्या पीटर कॉलिन्सन नावाच्या स्नेह्याने काचेची एक नळी पाठवली. ती घासली की ठिणगी निघे. १७४८ मध्ये फ्रँकलिनने छापखान्याचे रोजचे काम सोडले आणि या ठिणगीच्या मागे लागला. टोकदार लोखंड जवळ नेले की विद्युतभार दुरूनच आणि गुपचूप ओढला जातो, हे त्याच्या मित्रांच्या मंडळात दिसून आले होते. मग आभाळातली वीज हीच ठिणगी असेल तर? तीही टोकाला वश होईल. उंच जागी लोखंडी सळई उभारून हे तपासता येईल, असा प्रयोग त्याने १७५० मध्ये लिहून पाठवला. १७५१ मध्ये त्याची पत्रे लंडनला पुस्तकरूपाने निघाली. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधल्या मार्ली या गावी दालिबार नावाच्या अभ्यासकाने उभारलेल्या सळईतून ढगाची वीज खरोखर उतरली. गंमत अशी की ऐन वेळी दालिबार तेथे नव्हता. सळईला हात घातला तो एका म्हाताऱ्या निवृत्त शिपायाने आणि त्याच्या हाकेवरून धावत आला तो गावचा पाद्री.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रँकलिनने आपला तरुण मुलगा विल्यम याला सोबत घेऊन पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला. पतंगावर वीज कोसळली, असे चित्र पुस्तकात असते. ते खोटे आहे. तशी कोसळती तर बापलेक जागीच संपले असते. ढगातला भार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत उतरला आणि किल्लीतून बोटाला ठिणगी बसली, इतकेच. पण तेवढ्याने सिद्ध झाले की आभाळातली वीज आणि काचेच्या नळीतली ठिणगी एकाच जातीच्या आहेत.

मग त्याने काय करावे? त्याने आपल्या १७५३ च्या पंचांगात, भरती-ओहोटी आणि जत्रांच्या तारखांच्या शेजारी, घर विजेपासून कसे वाचवावे याची कृती छापून टाकली. एक लोखंडी सळई घ्या. तिचे एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट गाडा. दुसरे टोक घराच्या सर्वांत उंच भागाच्या वर सहा-आठ फूट राहू द्या. वरच्या टोकाला अणकुचीदार तार बसवा. झाले. त्याने यावर पेटंट घेतले नाही, दक्षिणा मागितली नाही, मंत्र सांगितला नाही. ज्ञान कोणाच्या कानात सांगायचे आणि कोणाच्या कानात शिसे ओतायचे, असल्या संस्कृतीत वाढलेल्या आम्हाला पंचांगात छापलेली ही कृती फार मोठी वाटते. आमच्याकडे पंचांगाने माणसाला भीती विकली. फ्रँकलिनच्या पंचांगाने भीतीवरचा उपाय जवळजवळ फुकट वाटला.

पण भीती हे ज्यांचे भांडवल आहे त्यांना असा माणूस कधी आवडत नाही. युरोपात शतकानुशतके समजूत होती की वीज म्हणजे देवाचा कोप किंवा सैतानाचा खेळ. म्हणून वादळ आले की चर्चच्या मनोऱ्यातल्या मंतरलेल्या घंटा बडवायच्या. गावातली सर्वांत उंच जागा, वर धातूची घंटा, खाली लोंबणारी ओली दोरी आणि दोरी धरून उभा असलेला गरीब घंटावाला. १७८४ मध्ये म्युनिचला निघालेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे : ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावाले मेले. देवाच्या घराचे रक्षण करायला उभे केलेले हे लोक खरे तर बिनजोडणीच्या सळया होत्या. हुकूम देणारा खाली सुरक्षित आणि दोरी ओढणारा वर. ही वाटणी आमच्या ओळखीची आहे.

१७५५ मध्ये बॉस्टनला भूकंप झाला तेव्हा थॉमस प्रिन्स नावाच्या धर्मोपदेशकाने छापून सांगितले की शहरात एवढी लोखंडी टोके उभी केल्यामुळे आभाळातली वीज जमिनीत भरली आणि जमीन हलली. हार्वर्डच्या जॉन विन्थ्रॉप या प्राध्यापकाने त्याला जाहीर उत्तर दिले. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात चर्चजवळ साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग माणसांसकट उद्ध्वस्त झाला. फ्रान्समधल्या सेंत-ओमेर गावात एका गृहस्थाने १७८० मध्ये घरावर सळई बसवली तर शेजारी खवळले आणि न्यायाधीशांनी ती उतरवायचा हुकूम दिला. अपिलात त्याची बाजू १७८३ मध्ये रोबेस्पिएर नावाच्या एका तरुण वकिलाने मांडली आणि जिंकली. हाच पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजला. पाद्री सगळे विरोधात होते, असे आम्ही म्हणणार नाही. मार्लीच्या पाद्र्याने स्वतःच्या हाताने ठिणगी घेतली होती आणि पुढे चर्चनीही निमूटपणे सळया बसवल्या. धर्मसत्ता आधी विरोध करते, मग गुपचूप स्वीकारते आणि शेवटी आपल्यामुळेच हे झाले असे सांगू लागते. हा क्रम जगभर सारखाच आहे.

येथून सळईचा दुसरा अर्थ सुरू होतो. १७५७ पासून फ्रँकलिन अमेरिकन वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून बहुतेक काळ लंडनला राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची काही खासगी पत्रे त्याने बॉस्टनला पाठवली आणि ती तेथे छापली गेली. त्यातच चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याची बातमी लंडनला आली. २९ जानेवारी १७७४ रोजी राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे फ्रँकलिनला उभे करण्यात आले. सरकारी वकील अलेक्झांडर वेडरबर्न सुमारे तासभर त्याला चोर आणि विश्वासघातकी ठरवत होता. सभागृहातले सरदार आणि मंत्री खदखदून हसत होते. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन निळ्या मखमली पोशाखात चेहऱ्याची रेघही न हलवता उभा राहिला. एका शब्दाने उत्तर दिले नाही. दोनच दिवसांनी त्याचे पोस्ट खात्यातले पद काढून घेण्यात आले. तो राग एका फ्रँकलिनवरचा नव्हता. सबंध वसाहतींवरचा तो राग त्या दिवशी एका माणसाच्या डोक्यावर उतरला. अपमान झाला तो साम्राज्याचा निष्ठावंत प्रजाजन म्हणून सभागृहात गेला होता. बाहेर पडला तो साम्राज्याचा शत्रू होऊन. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७७८ मध्ये फ्रान्सशी तह झाला तेव्हा त्याने मुद्दाम तोच मखमली पोशाख घातला होता, असे सांगतात.

या युद्धात घरही फुटले. पतंगाच्या प्रयोगात सोबत असलेला विल्यम राजाचा गव्हर्नर राहिला आणि कैदेत गेला. बापलेकांचे मन पुन्हा जुळले नाही. वैर सळईपर्यंतही पोचले. टोकदार सळई बरी की गोळ्याची, असा वाद इंग्लंडच्या शास्त्रज्ञांत होताच. टोकदार सळई म्हणजे बंडखोर फ्रँकलिनची सळई, म्हणून तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या वाड्यावर गोळ्याच्या सळया बसवल्या. विज्ञानाचा निकालसुद्धा बोलणाऱ्याचे नाव आणि गोट पाहून लावला जातो, याचा अनुभव आमच्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

आता फ्रँकलिनच्या चरित्रातला काळा भाग. स्वातंत्र्याचा हा पुढारी स्वतः गुलामांचा मालक होता. त्याच्या वर्तमानपत्रात गुलाम विकणे आहे आणि पळालेला गुलाम धरून द्या, अशा जाहिराती छापल्या जात आणि त्याचे पैसे तो घेत असे. जो स्वतः करार मोडून पळाला होता, तो दुसऱ्या पळालेल्यांचे वर्णन पैसे घेऊन छापत होता. १७५७ मध्ये तो आणि विल्यम लंडनला गेले तेव्हा पीटर आणि किंग हे दोन गुलाम सोबत होते. किंग तेथून निसटला. पुढे सफोकमध्ये एका बाईने त्याला लिहा-वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवल्याची नोंद आहे. त्याच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवले नाही. चरित्रे मालकांची लिहिली जातात.

१७५१ मध्ये लिहिलेल्या लोकसंख्येवरच्या निबंधात फ्रँकलिनने गुलाम हा स्वभावतःच चोर असतो, असे मत मांडले होते. १७५८ मध्ये फिलाडेल्फियात काळ्या मुलांसाठी एक शाळा निघाली. १७६३ मध्ये त्याने ती स्वतः जाऊन पाहिली आणि काळी मुले गोऱ्या मुलांइतकीच हुशार आहेत, हे त्याने कबूल केले. १७६९ मध्ये तो निबंध पुन्हा छापताना त्याने ते वाक्य बदलले. चोरी गुलामाच्या स्वभावातून येत नाही, गुलामगिरीच्या स्वभावातून येते, असा त्याचा अर्थ झाला. दोन-चार शब्दांचा हा बदल आहे. पण वीज पायाळूच्या जन्मात नाही, उंचीत आणि धातूत आहे, हे समजणे आणि दोष माणसाच्या जन्मात नाही, त्याच्यावर लादलेल्या व्यवस्थेत आहे, हे समजणे, ही एकाच बुद्धीची दोन कामे आहेत. पहिले काम त्याने १७५२ मध्ये केले. दुसऱ्याला त्याला आणखी सतरा वर्षे लागली. ढगाविषयी बुद्धी वापरणे सोपे असते. स्वतःच्या घरातल्या नोकराविषयी वापरणे अवघड जाते. आमच्याकडे उपग्रह सोडण्याआधी नारळ फोडणारे आणि प्रयोगशाळेतून घरी येऊन जात पाळणारे लोक कमी नाहीत, म्हणून हे लिहावे लागते.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना बनली तेव्हा ८१ वर्षांचा फ्रँकलिन सभागृहात होता. त्याच वर्षी तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला होता. तरीही प्रतिनिधित्व मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरणाऱ्या आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला हात न लावणाऱ्या घटनेवर त्याने सही केली. एकी टिकावी म्हणून तडजोड झाली आणि तिची किंमत सभागृहात नसलेल्यांनी मोजली. तडजोडीचे बिल नेहमी गैरहजर माणसाच्या नावाने फाडले जाते.

शेवटचे काम मात्र त्याने केले. ३ फेब्रुवारी १७९० रोजी त्याने संस्थेचा अध्यक्ष म्हणून अमेरिकन काँग्रेसकडे गुलामगिरी संपवण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर सही केली. दक्षिणेतल्या प्रतिनिधींनी थयथयाट केला. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने बायबलचे दाखले देऊन गुलामगिरीचे समर्थन केले. फ्रँकलिन म्हातारपणाने पोचला, असे म्हणणारेही निघाले. अंथरुणाला खिळलेल्या फ्रँकलिनने मार्चमध्ये जॅक्सनचे भाषण एका काल्पनिक अल्जेरियन सरदाराच्या तोंडी घातले. गोऱ्या ख्रिश्चनांना गुलाम ठेवणे कसे योग्य आहे, हे तो सरदार जॅक्सनच्याच युक्तिवादाने पटवून देतो. काँग्रेसने आपल्याला अधिकार नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवला. १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी फ्रँकलिन वारला. सुमारे वीस हजार लोक अंत्ययात्रेला आले. अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहाने दुखवटा पाळला, वरिष्ठ सभागृह सिनेटने नाकारला. मृत्युपत्रात त्याने जावयाचे कर्ज एका अटीवर माफ केले : घरचा बॉब नावाचा गुलाम मुक्त केला पाहिजे.

तो अर्ज कचऱ्यात गेला नाही. पंचाहत्तर वर्षांनी, १८६५ मध्ये, यादवी युद्धात रक्ताचे पाट वाहिल्यावर अमेरिकेच्या घटनेतून गुलामगिरी हद्दपार झाली. आणि १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून आमच्या दुखण्याचे वेगळेपण जगापुढे मांडले. फिलाडेल्फियाच्या त्या अर्जाचा धागा असा आमच्या अंगणापर्यंत येतो.

मग या चरित्रातून आम्ही काय घ्यायचे? सळईला तीन गोष्टी लागतात. ती उंच असावी, तिची तार अखंड असावी आणि तिचे खालचे टोक ओल्या जमिनीत खोल गेलेले असावे. तिसरी गोष्ट नसेल तर काय होते, ते १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिसले. रिखमान नावाच्या प्राध्यापकाने वीज मोजण्यासाठी जमिनीशी न जोडलेली सळई घरात आणली होती. वीज आली आणि त्याच्या कपाळातून गेली. चळवळीलाही वीज अंगावर घेणारी माणसे लागतात. पण ज्याचे पाय वस्तीच्या ओल्या मातीत नाहीत असा पुढारी नुसता उंच उभा राहिला, तर वीज त्याच्यातून उतरत नाही. ती घरात शिरते आणि खालच्या माणसांना जाळते. आणि जो खरोखर जमिनीत गाडून उभा आहे, त्याच्यावर वीज पडताना आपण लांब उभे राहून बघत असू, तर ती तार आपणच तोडलेली असते.

आणि खरी वीज? ती आजही पडते. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. त्यात मोठा भरणा असतो तो उघड्या रानात निंदणी-पेरणी करणाऱ्यांचा, गुरे राखणाऱ्यांचा, पाऊस आला म्हणून झाडाखाली आडोशाला गेलेल्यांचा. म्हणजे आमच्याच आयाबायांचा. फ्रँकलिनची सळई पावणेतीनशे वर्षांपूर्वी निघाली. ती टोलेजंग इमारतींवर आहे, देवळांच्या कळसांवरही आहे. रानात राबणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र काही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप विजेची आगाऊ सूचना देते. पण मोबाइल मुकादमाच्या खिशात असतो. सूचना आली की काम थांबवायचे आणि त्या वेळेची मजुरी कापायची नाही, एवढे ठरवून घेण्यासाठी मजुरांनी एकत्र यावे लागेल. गावच्या शाळेवर आणि समाजमंदिरावर सळई बसली आहे का, तिची तार शाबूत आहे का, ती जमिनीत नीट गेली आहे का, हे ग्रामसभेत विचारावे लागेल.

यंदा आभाळ कडाडले की घरातल्या पायाळू पोराला जरूर आत घ्या. पण त्याच्यासोबत घरातल्या सगळ्यांनाच आत घ्या, आणि रानात कोणी राहिले आहे का ते बघा. वीज जन्म पाहत नाही. जन्म पाहतो तो माणूस.